बरणीतला सेपिया

सेपिया हा समुद्रात राहणारा, शीर्षपाद वर्गातला प्राणी. शिंपले, कालवे आणि गोगलगायी ज्या मृदुकाय संघात येतात, त्याच संघात ऑक्टोपस, स्क्विड आणि सेपिया यांची गणना होते. इंग्रजीत त्याला कटलफिश म्हणत असले तरी तो मासा नाही. जगात त्याच्या शंभराहून अधिक जाती आहेत. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनारी समुद्रांत त्या आढळतात; अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर मात्र सेपिया नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत मोठा आणि बाजारात सर्वांत मानाचा तो सेपिया फराओनिस. त्याचे धड हातभर लांब आणि वजन पाच किलोपर्यंत वाढू शकते. त्याच्या जोडीला सेपिया अक्युलिआटा, सेपिया एलिप्टिका आणि उथळ पाण्यातला लहानखुरा सेपिएला इनर्मिस या जाती जाळ्यात येतात. १९३६ मध्ये वर्णन झालेल्या सेपिया प्रशादी या जातीला बैनी प्रशाद यांचे नाव दिले आहे. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते आणि पुढे केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार झाले. कोकणातले मच्छीमार इतके बारकावे पाहत नाहीत; स्क्विड आणि सेपिया दोन्हींना ते सरसकट माकूल किंवा म्हाकूळ म्हणतात.

दिल्लीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी सेपिया दिल्लीत रोज कुठे ना कुठे हाताळला जातो. दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अपृष्ठवंशीय प्राण्यांची जी प्रात्यक्षिके आहेत, त्यांत ऑक्टोपस आणि नॉटिलसच्या जोडीने सेपियाचा नमुना दाखवला जातो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो उभ्या काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला असतो. रंग मळकट पांढरा, कडांना पिवळट झाक. विद्यार्थी वहीत त्याची आकृती काढतात, आठ बाहू आणि दोन लांब संस्पर्शक मोजतात, धडाच्या कडेने फिरणारा अरुंद पर दाखवतात आणि भागांना नावे देतात. वैशिष्ट्यांच्या यादीत 'रंग बदलण्याची क्षमता' एवढे तीन शब्द लिहून ते पुढच्या बरणीकडे वळतात.

प्रात्यक्षिके घेणाऱ्यांचा अनुभव असा, की या तीन शब्दांपाशीच खरे शिकवणे सुरू व्हायला हवे आणि नेमके तिथेच ते थांबते. दिल्लीतल्या मुलांनी रंग बदलणारा एक प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला असतो, तो म्हणजे बागेतला सरडा. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर लोदी बागेत किंवा अरवलीच्या खुरट्या जंगलात नर सरड्याचे डोके आणि खांदे लालभडक होतात. मुलांच्या मनात रंगबदलाचे चित्र असते ते हेच. सरड्याच्या कातडीतला हा बदल सावकाश होतो. त्याच्या रंगपेशींत रंगकण पेशीच्या आतल्या आत पसरतात किंवा गोळा होतात, आणि ते मुख्यतः रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांच्या हुकमाने. त्याला मिनिटे लागतात. सेपिया तोच बदल सेकंदाच्या आत करतो, पाहिजे तितक्या वेळा करतो, आणि अंगाच्या एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला दुसराही करतो. दोघांची यंत्रणाच मुळात वेगळी आहे. सरड्यावरून सेपिया समजावून सांगू लागले की विद्यार्थ्यांचा गैरसमज आणखी पक्का होतो.

ही वेगळी यंत्रणा बरणीतल्या मेलेल्या नमुन्यावरही थोडीफार दाखवता येते. पाठीच्या कातडीवर हातभिंग धरले की दाट विखुरलेले तपकिरी ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका हे एक स्वतंत्र इंद्रिय आहे. मधोमध रंगकणांनी भरलेली लवचीक पिशवी असते आणि तिच्या परिघापासून पंधरा ते पंचवीस स्नायुतंतू बाहेरच्या दिशेने गेलेले असतात. स्नायू सैल असताना पिशवी आपल्याच लवचीकपणाने आकसून एवढासा ठिपका होते. स्नायू आकुंचले की तंबूचे कापड चहूबाजूंच्या दोरांनी ताणावे तशी ती ताणली जाते, पातळ चकतीसारखी कित्येक पटींनी पसरते, आणि तिच्यातला रंग डोळ्यांना दिसू लागतो. त्वचेच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा दोनशेपर्यंत पिशव्या असू शकतात. मोठ्या प्राण्याच्या अंगावर त्यांची संख्या लाखांच्या पुढे जाते.

हे स्नायू कोणाच्या हुकमाने हलतात, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. त्यांना हलवणाऱ्या चेतापेशी मेंदूत असतात आणि त्यांचे तंतू मेंदूतून निघून थेट त्वचेतल्या स्नायूंपर्यंत जातात. मध्ये दुसऱ्या चेतापेशीचा टप्पा नाही. म्हणजे मेंदूच्या त्या भागात जे घडत असते ते त्याच क्षणी कातडीवर उमटते. दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या मेंदूचे काम असे बाहेरून उघड्या डोळ्यांनी पाहता येत असेल, तर ते फक्त सेपियाच्या नातलगांचे. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत जिल लॉरां यांच्या गटाने हीच गोष्ट हेरली. अनेक कॅमेऱ्यांनी चित्रण करून त्यांनी एकेका जिवंत सेपियाच्या अंगावरच्या हजारो रंगपिशव्यांचा स्वतंत्र माग ठेवला आणि कोणत्या पिशव्या एकदम हलतात यावरून त्यांच्यामागच्या चेतापेशींची रचना ताडली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात आणखी एक गोष्ट पुढे आली. सेपिया वाढत असताना जुन्या पिशव्यांच्या मधल्या जागेत सतत नव्या पिशव्या येतात. नवी पिशवी पिवळी असते. दिवस जातील तशी ती तांबूस आणि मग काळपट होते. म्हणजे पिवळा ठिपका आणि काळा ठिपका हे दोन प्रकार नसून एकाच पिशवीच्या दोन वयांतल्या अवस्था आहेत. बरणीतल्या नमुन्यात मात्र सगळेच ठिपके एका मळकट रंगाचे दिसतात, हे वर्गात सांगावे लागते.

या पिशव्यांच्या खाली आणखी दोन थर असतात. एका थरातल्या पेशी पातळ चकत्यांवरून प्रकाश परतवून हिरवी-निळी चमक देतात. त्याखालच्या पेशी येईल तो सगळा प्रकाश विखरून पांढरेपणा देतात. वरच्या पिशव्यांत पिवळा, तांबूस आणि काळपट एवढेच रंग असले तरी खालच्या थरांमुळे अंगावर बरीच मोठी रंगसंगती साधते. शिवाय कातडीवर स्नायूंचे लहान उंचवटे असतात. ते वर काढले की गुळगुळीत पाठ खडबडीत होते आणि शेवाळ चढलेल्या दगडापासून ती वेगळी ओळखू येत नाही. उंचवटे खाली घेतले की पाठ पुन्हा वाळूसारखी सपाट.

मच्छीमार बंदरांवर काम करणाऱ्यांना हे सगळे पुस्तकाविना माहीत असते. मुंबईचा ससून डॉक असो की रत्नागिरीचा मिरकरवाडा, ट्रॉलरवरून नुकत्याच उतरवलेल्या सेपियाच्या अंगावर अजून लाटा उठत असतात. एखादा भाग गडद होतो, फिका पडतो, पुन्हा गडद होतो. मेंदूचा हुकूम थांबल्यावरही त्वचेतले स्नायू काही काळ आपोआप आकुंचतात, म्हणून हे घडते. मग तेही थांबते, पिशव्या आकसतात आणि अंग फिके पडते. माल आणखी जुना झाला की पिशव्या फुटून रंग मांसात झिरपतो आणि पांढरे मांस गुलाबी होते. असा माल निर्यातीला चालत नाही. त्यामुळे पेटीतला सेपिया ताजा आहे की शिळा, हे घेणारा आधी कातडीवरून ठरवतो. शाईची पिशवी फुटली तर सगळी पेटी काळी होते, म्हणून हाताळणाऱ्याचे बोट त्या जागी कधी दाबत नाही. प्रक्रिया करणाऱ्या शेडमध्ये बायका हाड ओढून काढतात, शाईची पिशवी न फोडता वेगळी करतात आणि कातडी सोलून टाकतात. उरतो तो शुभ्र मांसाचा तुकडा. गोठवलेला सेपिया भारताच्या सागरी निर्यातीत स्वतंत्र नोंदीचा माल आहे, आणि त्याचा मोठा भाग युरोपात व पूर्व आशियात जातो. ज्या कातडीने या प्राण्याला विज्ञानात नाव मिळवून दिले तीच बाजारात सर्वांत आधी फेकली जाते. यात काम करणाऱ्यांचा दोष नाही; खाणाऱ्याला पांढरे मांस हवे असते.

दिल्लीत बर्फातली समुद्री मासळी गाझीपूरच्या घाऊक बाजारात येते. किरकोळीला ती आयएनए मार्केटमध्ये मिळते. कोळंबी आणि पापलेटच्या शेजारी तिथे कधीमधी स्क्विड किंवा सेपियाही मांडलेला दिसतो. असा एक प्रयोगशाळेत आणला की बरणीपेक्षा पुष्कळ जास्त दाखवता येते. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वेगवेगळ्या आकाराच्या पिशव्या दिसतात. डोळ्यातले गोल, घट्ट भिंग हातात घेता येते. बाहूंच्या मधोमध पोपटाच्या चोचीसारखा जबडा सापडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून प्रयोगशाळांचा भर चित्रफिती आणि प्रतिकृतींवर आला आहे. प्राणिदयेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण खाण्यासाठी आधीच मारलेल्या आणि बाजारात आलेल्या सेपियाची कातडी पाहण्याने कोणाचे नुकसान होत नाही, आणि त्या एका तासात जे शिकता येते ते चित्रफितीत नाही.

सेपियाच्या डोळ्याबद्दल शिकवताना वर्गात नेहमी एक प्रश्न येतो: भोवतालचे रंग ओळखून त्यांच्याशी जुळवून घेणाऱ्या या प्राण्याची रंगदृष्टी किती तीक्ष्ण असेल? खरे उत्तर ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. सेपियाला रंग दिसत नाहीत. माणसाच्या डोळ्यात रंग वेगळे करणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. सेपियाच्या डोळ्यात दृष्टीचे एकच रंगद्रव्य आहे. १९९६ मध्ये मार्शल आणि मेसेंजर यांनी वेगवेगळ्या रंगांची पण सारख्याच उजळपणाची खडी तळाशी पसरून पाहिले, तर सेपियाला ती वेगळी ओळखता आली नाही. मग तो समुद्रतळाशी इतका बेमालूम मिसळतो कसा? याचा एक भाग असा, की उथळ समुद्राच्या तळाचे रंग बहुधा पिवळसर ते तपकिरी याच पट्ट्यात असतात आणि पिशव्यांचे रंगही नेमके तेच आहेत. दुसरे म्हणजे खालचे थर भोवतालचाच प्रकाश परतवतात, त्यामुळे पाण्यातला हिरवा-निळा आपोआप अंगावर येतो. सेपियाच्या त्वचेतही प्रकाशाला प्रतिसाद देणारी प्रथिने सापडली आहेत, पण रंग जुळवायला त्यांचा उपयोग होतो हे अजून सिद्ध झालेले नाही.

सेपियाचा डोळा पाहतो ती उजळ-अंधाराची मांडणी. त्याची बाहुली इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची असते. प्रकाशाच्या लहरी कोणत्या प्रतलात कंप पावतात हे माणसाला दिसत नाही, सेपियाला दिसते, आणि तेही इतके बारीक की त्या प्रतलात एखाद्या अंशाचा फरक झाला तरी काही जातींना तो कळतो. पारदर्शक कोळंबी पाण्यात माणसाच्या नजरेला दिसत नाही, पण सेपियाच्या नजरेतून ती सहज सुटत नाही.

अमेरिकेतल्या वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत रॉजर हॅनलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेपियाला बुद्धिबळाच्या पटावर बसवून केलेले प्रयोग वर्गात सर्वांत जास्त उपयोगी पडतात. चौकोन फार बारीक असले की सेपिया एकरंगी होतो किंवा बारीक ठिपक्यांचा होतो. चौकोन त्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या ठिगळाच्या मापाच्या जवळपास आले, की तो ते ठिगळ ठळक करतो आणि अंगावर गडद-उजळ असे मोठे तुकडे उमटवतो, ज्यामुळे अंगाची कडाच हरवते. चौकोन आणखी मोठे केले की पुन्हा साधेपणाकडे जातो. हजारो प्रकारच्या तळांवर दडून बसणाऱ्या या प्राण्याच्या नकला एकरंगी, ठिपकेदार आणि तुकडेदार अशा तीन मुख्य घरांत बसवता येतात, हा हॅनलन यांचा निष्कर्ष. हा प्रयोग फळ्यावर नुसता चौकोन आखून समजावून देता येतो, आणि तो कळला की रंगबदल म्हणजे फक्त रंगाची गोष्ट आहे हा समज गळून पडतो.

२०२३ मध्ये लॉरां यांच्या गटाने या नकलेचे आणखी बारकाईने निरीक्षण केले. तळ बदलला की सेपिया एका झटक्यात अंतिम नक्षीवर येत नाही. तो थोडा बदल करतो, थांबतो, पुन्हा बदलतो; कधी विरुद्ध दिशेने जाऊन परत येतो, आणि असे करत जुळणीपाशी पोहोचतो. घाबरून पांढरा पडलेला सेपिया मात्र धोका टळल्यावर आधीच्या नक्षीवर सरळ परततो. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हे संशोधन फार मोलाचे आहे. 'आपोआप रंग बदलतो' हे क्रमिक पुस्तकांतले वाक्य त्यामुळे कायमचे मागे पडले.

लपणे हा या कातडीचा एकच उपयोग नाही. शिकार करताना काही सेपिया अंगावरून गडद पट्ट्यांच्या लाटा पुढे सोडतात. समोरचे भक्ष्य तिकडे पाहत राहते आणि दोन लांब संस्पर्शक पाते लवायच्या आत बाहेर येऊन ते पकडतात. ओकिनावाच्या र्यूक्यू विद्यापीठात आपल्याकडच्याच जातीवर, सेपिया फराओनिसवर, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण आणखी वेगळे आहे. हे सेपिया बाहू वाकवून, हलवत, शंखातल्या खेकड्यासारखे दिसू लागतात. संशोधकांचा तर्क असा, की अशा निरुपद्रवी खेकड्याला छोटे मासे घाबरत नाहीत आणि म्हणून जवळ येतात. विणीच्या काळात फराओनिसच्या नराच्या अंगावर वाघासारखे आडवे पट्टे ठळक होतात. मादीच्या अंगावर ते फिके असतात, त्यामुळे बोटीवरही नर-मादी निवडता येतात. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या सेपिया प्लॅन्गॉन जातीचा नर मादीच्या बाजूने नराचे पट्टे दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला, जिकडे प्रतिस्पर्धी नर असतो तिकडे, मादीचा वेश दाखवतो. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळांना ते अतिशयोक्त वाटले असेल. मेंदूचा डावा आणि उजवा भाग आपापल्या बाजूची त्वचा वेगळी चालवू शकतो, हे एकदा समजले की त्यात अशक्य काही उरत नाही.

जुन्या दिल्लीत सेपियाचे आणखी एक रूप मिळते, ते फतेहपुरी मशिदीजवळच्या खारी बावलीत. जडीबुटीच्या दुकानांत समुद्रफेन म्हणून जो पांढरा, हलका, एका बाजूने खडूसारखा भुसभुशीत तुकडा विकला जातो, तो सेपियाच्या पाठीतला हाड म्हणवला जाणारा भाग. आयुर्वेदात डोळ्यांच्या अंजनात आणि कानाच्या चूर्णात तो पूर्वीपासून वापरला जातो. पाळीव पक्ष्यांच्या दुकानांतही पिंजऱ्याच्या तारेला अडकवायला तोच तुकडा मिळतो. पोपट आणि बजरीगर चोच घासून त्यातला चुना खातात. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला खारी बावलीतले हे दुकान फार उपयोगाचे. बरणीतल्या नमुन्यात हाड आत दडलेले असते. इथे ते थोड्याशा पैशांत हातात येते, आणि वर्गातल्या प्रत्येकाला एकेक देता येते.

तुकडा लांबीने कापून भिंगाखाली धरला की एकावर एक रचलेले असंख्य अरुंद कप्पे दिसतात. त्यांच्या मधले पडदे कॅल्शियम कार्बोनेटच्या पातळ वाकड्या भिंतींनी तोललेले असतात. सगळ्या हाडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो, तरी ते खोल पाण्याचा दाब सहन करते. सेपिया या कप्प्यांतले पाणी क्षारांच्या साहाय्याने बाहेर ओढतो किंवा आत येऊ देतो, आणि त्यावर स्वतःचा हलकेपणा ठरवतो. डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथ येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे सिद्ध केले. दिवसा सेपिया जड होऊन वाळूत बसतो आणि रात्री हलका होऊन शिकारीला निघतो, हेही त्यांनीच दाखवले. अन्न भरपूर मिळाले की कप्पे ऐसपैस होतात. उपासमारीत ते एकमेकांना खेटून दाट बसतात. म्हणून खारी बावलीतल्या तुकड्यात, नीट पाहिले तर, त्या प्राण्याचे बरे-वाईट दिवस वाचता येतात. ज्याच्या टोकाला काटा आहे ते सेपिया वंशाचे हाड, आणि काटा नसलेले सेपिएलाचे. पुड्यातल्या तुकड्यांतही हा फरक ओळखता येतो, फक्त टोक मोडलेले नसावे.

 सेपियाची शाई मेलॅनिनच्या कणांची असते आणि धोका दिसला की नळीतून बाहेर सोडली जाते. युरोपात तिचा चित्रकलेत आणि लिहिण्यात वापर झाला, आणि होमिओपॅथीतले सेपिया नावाचे औषध या शाईपासून बनते. जुन्या छायाचित्रांच्या तपकिरी छटेलाही सेपिया म्हणतात, पण तो रंग चांदीच्या रासायनिक बदलाने येतो, शाईने नव्हे.

एवढे सगळे करणारा हा प्राणी उण्यापुऱ्या वर्षाचा धनी, फार तर दोन वर्षांचा. मादी अंडी एकेक करून घालते आणि प्रत्येक अंडे समुद्री पंख्याच्या, शेवाळाच्या किंवा बुडालेल्या फांदीच्या देठाला गुंडाळून बांधते. फराओनिसची अंडी पांढरी असतात. सेपिएलाची शाईने काळी रंगवलेली असतात आणि द्राक्षांच्या घडासारखी दिसतात. अंड्यांवर पहारा नसतो. विणीनंतर नर-मादी दोन्ही लवकरच मरतात, त्यामुळे पिल्लांना शिकवणारे कोणी उरत नाही. तरीही पिल्लू बाहेर येते तेच तयार होऊन. लांबी नखाएवढी, पण पहिल्या दिवसापासून ते वाळूत दडते, रंग बदलते, शाई सोडते आणि जिवंत भक्ष्य धरते. फ्रान्समधल्या कां विद्यापीठातल्या अभ्यासात तर अंड्यातूनच खेकडे दाखवलेल्या युरोपीय सेपियाच्या पिल्लांनी बाहेर आल्यावर खाण्यासाठी खेकडेच निवडले, म्हणजे शिकणे जन्माआधीच सुरू झालेले असते.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळमधल्या विळिंजम केंद्रात फराओनिसला अंड्यापासून टाकीत वाढवले गेले. तिथल्या कोमट पाण्यात अंडी दोन आठवड्यांच्या सुमारास फुटली आणि साडेसात महिन्यांत प्राण्यांचे सरासरी वजन अर्धा किलोच्या पुढे गेले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. इतक्या वेगाने वाढणारा प्राणी शेतीसाठी फायद्याचा वाटतो, पण सुरुवातीचे काही आठवडे पिल्लांना जिवंत भक्ष्यच लागते, आणि ते पुरवणे हेच अशा कामातले सर्वांत कष्टाचे. हे काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. टाकीजवळ अचानक हालचाल झाली की पिल्ले पाण्यात शाई सोडतात किंवा मागे उसळून भिंतीवर आपटतात, आणि हाडाचे मागचे टोक दुखावते. म्हणून टाकीशी सावकाश जावे लागते. रोज अन्न देणाऱ्या माणसाला पाहून मोठे सेपिया पुढे येतात, हा अनुभव जगभरच्या मत्स्यालयांतल्या लोकांनी सांगितला आहे.

समुद्रात वाढणाऱ्या सेपियाचे भवितव्य अंड्यांच्या या देठांशी बांधलेले आहे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत माद्या किनाऱ्याकडे येतात तेव्हा त्यांना अंडी बांधायला आधार हवा असतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मच्छीमारांनी हे ओळखून नारळाच्या झावळ्या आणि पोयी एकत्र बांधून, वाळूच्या पोत्यांनी तळाशी रोवून ठेवायला सुरुवात केली. माद्या आणि त्यांच्यामागे नर त्या झुपक्यांभोवती जमतात आणि गळाने सहज पकडले जातात. माल मोठा मिळतो, भाव चांगला येतो. पण पकडला जातो तो नेमका विणीला आलेला प्राणी, आणि झुपका वर ओढला की त्याला बांधलेली अंडीही नष्ट होतात. सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर धोक्याचा इशारा दिला आहे, आणि ट्रॉलरवाले व गळवाले यांच्यात यावरून भांडणेही झाली आहेत.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्यांच्या अखत्यारीत येते. त्यापुढचे दोनशे मैलांपर्यंतचे नियम दिल्लीत ठरतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या जाळ्यांवर बंदी घातली. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी माशांच्या अनेक जातींना उपयोगी पडते. पण फराओनिसच्या विणीचा मोठा काळ पावसाळ्यानंतर येतो, त्यामुळे या प्राण्याला त्या बंदीचे थोडेच संरक्षण मिळते. त्यासाठी वेगळा नियम हवा, आणि तो फार कठीणही नाही. कोमट पाण्यात अंडी काही आठवड्यांत फुटतात. हंगाम संपल्यावर झावळ्यांचे झुपके तेवढे दिवस पाण्यातच राहू दिले आणि त्या अवधीत त्यांच्याभोवती गळ टाकला नाही, तर बांधलेल्या अंड्यांतली पिल्ले बाहेर येऊन वाळूत जाऊ शकतील. यासाठी मच्छीमाराला नवे जाळे घ्यावे लागत नाही की बोटीत बदल करावा लागत नाही.